वाचकांचे प्रश्न : तीन वर्षांची पदवी, चार वर्षांची पदवी

प्रश्न : इंग्लंडमध्ये बीए तीन वर्षांत होते, अमेरिकेत चार वर्षं लागतात. मग इंग्लंडची पदवी एका वर्षाने कमी धरायची का? अमेरिकेत पुढे अर्ज करताना ती चालेल का?

उत्तर : नुसती वर्षं मोजून काहीच कळत नाही. आत काय शिकवलं ते बघा. इंग्लंडमध्ये प्रवेश घेतानाच विषय ठरतो. शाळेची शेवटची दोन वर्षं मुलं बहुधा तीनच विषय शिकलेली असतात, त्यामुळे इतिहास घेणारा पहिल्या सत्रापासून इतिहासच शिकतो. अमेरिकेत पदवीला साधारण १२० क्रेडिट (अभ्यास किती केला ते मोजायचं एकक) लागतात आणि त्यातले मुख्य विषयाचे बऱ्याचदा ३० ते ४५ एवढेच असतात. बाकी सगळे लेखन, गणित, विज्ञान, समाजशास्त्रं आणि ऐच्छिक विषयांत जातात. एकाच विषयातली खोली बघितली, तर तीन वर्षांची पदवी मुळीच उणी नाही.

अडचण येते ती क्रेडिटच्या हिशेबात. इंग्लंडच्या ऑनर्स पदवीचे ३६० क्रेडिट. असे दोन मिळून युरोपचा एक, म्हणजे झाले १८०. युरोपचे दोन मिळून अमेरिकेचा साधारण एक धरतात, म्हणजे उरले ९०. तिथल्या १२० पेक्षा ३० कमी! युरोपातल्या देशांच्या पदव्यांची रचना सारखी करण्यासाठीच्या १९९९च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर तिथे तीन वर्षांच्या पदव्या सर्रास झाल्या आणि अनेक अमेरिकी विद्यापीठं त्या स्वीकारतात, पण सगळी नाही. एकाच विद्यापीठात एक विभाग हो म्हणतो आणि दुसरा चार वर्षांवर अडून बसतो, असंही होतं. म्हणून अर्जाची फी भरण्याआधी त्या विभागालाच लेखी विचारा. तुमची पदवी तिथल्या हिशेबात कितीची धरायची याचं मूल्यांकन एखाद्या संस्थेकडून करून घ्यायचं असेल तर नुसतं पदवीपुरतं नको, विषयवार घ्या. जोडीला अभ्यासक्रमाचा तपशील द्या आणि प्रबंध लिहिला असेल तर त्याचा उल्लेख करा.

प्रश्न : मला इंग्लंडमध्ये ६५ टक्के मिळाले. अमेरिकेतल्या चार गुणांच्या जीपीएत (सरासरी श्रेणीत) ते किती होतात? आणि जर्मनीत काय धरतील?

उत्तर : ६५ ला २५ ने भागून २.६ लिहू नका. ही चूक फार जण करतात आणि स्वतःचं नुकसान करून घेतात. इंग्लंडमध्ये ७० ला प्रथम वर्ग मिळतो. ६० ते ६९ हा वरचा द्वितीय वर्ग असतो आणि तो चांगलाच मानला जातो. टक्के आहेत तसेच द्या, वर्ग लिहा आणि विद्यापीठाची गुणश्रेणी सोबत जोडा. रूपांतर त्यांना करू द्या.

जर्मनीत श्रेणी उलटी आहे : १ सर्वोत्तम, ४ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. तिथे बरीच विद्यापीठं सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा. कमाल गुणांतून उत्तीर्णतेचे किमान गुण वजा करा. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा, तिनाने गुणा, एक मिळवा. कमाल १००, किमान ४० आणि तुमचे ६५ असतील तर ३५ भागिले ६०, गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.७५. किमान गुण चुकून ५० धरले तर हेच ३.१ होतं. म्हणून उत्तीर्णतेची मर्यादा अंदाजाने लिहू नका, ती गुणपत्रकावर किंवा विद्यापीठाच्या पत्रात छापलेली हवी.

प्रश्न : एडिंबराहून बारावीनंतर थेट एमए केलेल्यांना पीएच.डी.ला लगेच प्रवेश मिळतो का?

उत्तर : ते एमए पदव्युत्तर नव्हे. स्कॉटलंडच्या जुन्या विद्यापीठांत, म्हणजे एडिंबरा, ग्लासगो, सेंट अँड्र्यूज आणि अ‍ॅबरडीनमध्ये, कला शाखेच्या चार वर्षांच्या पहिल्या पदवीलाच एमए म्हणतात. अर्जात ते पदवीच्या रकान्यात भरा; पदव्युत्तर रकान्यात भरलंत तर माहिती चुकीची ठरेल. ऑस्ट्रेलियाच्या ऑनर्सबद्दलही सावध राहा. तिथे तीन वर्षांची पदवी झाल्यावर ऑनर्सचं वर्ष बहुधा वेगळं करावं लागतं, त्यात संशोधन असतं, आणि पीएच.डी.च्या प्रवेशात त्या वर्षाला मोठं वजन असतं.