नेपाळला बालगृहात सेवेला चाललीस ना, मग हे वाच

अगं पोरी, खानापूरहून निघायच्या आधीच लक्षात घे, तिथं चर्चची उपासना शनिवारी असते कारण सुट्टी शनिवारची, रविवारी पोरं शाळेत. आणि 2018 पासून लागू झालेल्या कायद्यानं तिथं धर्मांतर करवणं गुन्हा आहे, म्हणून पोरांना उपदेश करत बसू नको, तुझी प्रार्थना पहाटे एकटीनं कर. मी गेले तेव्हा पहिला आठवडा नुसती भांडी घासली, उवा काढल्या, आणि एक चिमुकली माझ्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरून मांडीवरच झोपली, येशूनं लेकरांना कवेत घेतलं ते बायबलातलं मार्क 10:16 मला त्या रात्री खरं कळलं बघ. त्यांचे फोटो स्टेटसला टाकू नको हं. आणि परत येते असं उगीच सांगू नको, वाट बघत बसतात गं ती.