चौकट बदलली, पेटीही ताणली

प्रश्न : आर्वी तालुक्यातील आमच्या वर्कशॉपमध्ये पेरणीयंत्र इन्व्हेंटर या संगणकीय आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आखले जाते. चौकट रुंद केली की बियाण्याच्या पेटीचा तळ आपोआप ताणला जातो आणि तीच पेटी असलेल्या जुन्या यंत्राचे ड्रॉइंगही बिघडते. काय करावे?

उत्तर : तळ रेखाटताना आपण चौकटीची कड प्रोजेक्ट केली असावी, म्हणजे तीच कड तळाच्या रेखाटनात उतरवून घेतली असावी, त्यामुळे तो भाग ॲडॅप्टिव्ह, म्हणजे चौकटीबरोबर आपोआप बदलणारा, झाला आणि फाइल एकच असल्याने नवे माप जुन्या यंत्राच्या असेंब्लीतही (सर्व भाग जोडलेल्या आराखड्यातही) पोहोचले. आराखडा ठरेपर्यंत ही सोय उत्तम, परंतु पत्रा कापायला देण्यापूर्वी त्या भागावर राइट क्लिक करून ॲडॅप्टिव्हची खूण काढावी, म्हणजे माप तिथेच थांबते. जुन्या यंत्रासाठी जुन्या मापाची पेटी वेगळ्या नावाने जतन करावी. मला स्वतःला रुंदी पॅरामीटरने, म्हणजे नाव देऊन ठरवलेल्या मापाने, बांधणेच अधिक भरवशाचे वाटते.