साउथ ऑकलंडमध्ये सामोआ-टोंगाच्या मुलांना गणित शिकवताना

तुम्ही विचारलंय, न्यूझीलंडमधल्या साउथ ऑकलंडच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवायला रुजू होतेय, वर्गात बहुतेक मुलं सामोआ, टोंगा, कुक आयलंड्स या पॅसिफिक बेटांची. ‘त्यांच्या संस्कृतीला धरून शिकवा’ म्हणतात, म्हणजे करायचं काय?

पॅसिफिक मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठीचा शिक्षण मंत्रालयाचा 2018 चा ‘तापासा’ आराखडा शाळेत मिळेलच. मी माझ्या वर्गातलं सांगते.

एक सामोअन मुलगा होता. वहीत उत्तर बरोबर, पण विचारलं की मान खाली. विभागप्रमुख म्हणाले, "याला रस नाही, खालच्या तुकडीत टाका." मोठ्यांच्या नजरेला नजर न देणं हा त्याच्या घरचा संस्कार. हे आपल्याला कळू नये? पण स्टाफरूममधला एक भारतीय सहकारीच म्हणाला, "ही मुलं रग्बीची, गणिताची नव्हेत." ते वाक्य मला आजही डाचतं. खालच्या तुकडीच्या यादीवर मी सही केली नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी सामोअन चर्चमध्ये व्हाइट संडे असतो, मुलांचा दिवस. त्याच्या आईने बोलावलं म्हणून गेले. पांढऱ्याशुभ्र कपड्यांत तोच मुलगा भरल्या चर्चपुढे बायबलमधला लांबलचक उतारा न अडखळता म्हणत होता, आणि बाकावर बसलेली धाकटी बहीण त्याच्याबरोबर ओठ हलवत होती. पाठांतर घरात सगळ्यांनी मिळून झालं होतं.

माझ्या वर्गात आता प्रश्न गटाला असतो. मॅसी विद्यापीठाच्या गणित-शिक्षणाच्या अभ्यासक बॉबी हंटर यांचं काम याच धर्तीवर आहे, जरूर वाचा. चौघांत एक कागद, एक पेन. चौघांनाही समजल्याशिवाय उत्तर पूर्ण धरायचं नाही. शेजारच्याला कळावं म्हणून तो मुलगा बोलायला लागला आणि मग थांबेना.

"पालक येतच नाहीत" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. चिठ्ठी पाठवून भागत नाही. स्वतः फोन करा, आजी-आजोबांसकट सगळ्यांना बोलवा, खायला ठेवा, घाई करू नका. 1970 च्या दशकात पोलीस पहाटे पॅसिफिक बेटांवरून आलेल्या लोकांच्या घरांत घुसून व्हिसाचे कागद तपासायचे. सरकारने माफी मागितली ती 2021 मध्ये. अशा घरांचा सरकारी कागदावर चटकन विश्वास कसा बसेल?

हो, सामोआ आणि टोंगा एक नव्हेत. बरीच मुलं ऑकलंडमध्येच जन्मलेली, काहींना घरची भाषा येत नाही, सगळेच चर्चला जातात असंही नाही. म्हणून आधी त्या मुलाला ओळखा.

आणि तुमच्याकडेही हुशार-ढ अशा तुकड्या पाडत असतील तर गप्प बसू नका. टोकोना ते राकी ही माओरींची (इथल्या मूळ रहिवाशांची) संस्था 2030 पर्यंत हा प्रकार बंद व्हावा म्हणून झटतेय. पहिल्याच मीटिंगला विचारा, खालच्या तुकडीतली किती मुलं गेल्या वर्षी वर आली? आमच्याकडे मी हे विचारलं, तेव्हा आकडा काढायलाही कुणी तयार नव्हतं.