काट्याला काय कळतं?

प्रश्न : बॉक्सिंगमध्ये माझे मामा शुगर रे लिओनार्डचे भक्त, मी फ्लॉइड मेवेदरचा. आखाजीला मामांकडे गेलो की पुरणपोळी ताटात पडायच्या आधीच वाद सुरू होतो. दोघंही वेल्टरवेट, म्हणजे १४७ पौंडांचे. वजन सारखं, मग काळ वेगळा असला म्हणून काय बिघडलं? आजोबा मध्येच शुगर रे रॉबिन्सनचं नाव काढतात, तेही धरा आणि सरळ सांगा, कोण जिंकेल?
– एक वाचक, पाचोरा

उत्तर : भाऊ, सांगतो. पण तुमच्या पत्रातल्या 'वजन सारखं' या दोन शब्दांपाशी मी अडलोय, तिथून सुरुवात करू द्या.

भुसावळला मी पोरांना बॉक्सिंग शिकवायला लागलो तेव्हा आमच्याकडे धड वजनकाटा नव्हता. स्पर्धेआधी पोरांना ओळखीच्या एका केळी व्यापाऱ्याच्या वखारीत न्यायचो आणि घड मोजायच्या काट्यावर उभं करायचो. शेठ दरवेळी तोच विनोद करायचे, "सर, याची कटती किती धरू?" दांड्याचं वजन म्हणून व्यापारी जे कापून घेतो ती कटती. रावेर-यावलकडच्या वाचकांना हे सांगायला नको, त्यांनी ती सोसलेली आहे.

एका मे महिन्यात यावलकडचा एक पोरगा साठ किलोत उतरवायचा होता आणि भरत होता बासष्ट किलो चारशे. मी त्याला दोन स्वेटर आणि वर प्लास्टिकचा रेनकोट घालून दोन दिवस पळवला. भुसावळचा मे महिना, पारा चव्वेचाळीसला. पाणी बंद, फक्त ओला रुमाल चोखायचा. स्पर्धेच्या सकाळी काटा एकोणसाठ किलो नऊशेवर थांबला आणि मी खूश झालो. दुपारी बाउट. पहिला राउंड पोराने मारला. दुसऱ्या राउंडनंतर स्टुलावर बसला तेव्हा ओठ कातडी सुटल्यासारखे पांढरे झालेले. मी विचारलं, "डावा का येत नाही?" त्याने उत्तर दिलं नाही, नुसतं बाटलीकडे बोट केलं. समोरचा पोरगा अंगानेच साठ किलोचा होता, सकाळी पोहे खाऊन आलेला. काट्याच्या कागदावर दोघंही 'साठ किलो'. हरला तो, आणि हरवला मी. त्यानंतर मी कुणाला असं वाळवलेलं नाही.

आता तुमच्या तिघांकडे येतो. रॉबिन्सन १९४६ च्या डिसेंबरात वेल्टरवेट विजेता झाला, लिओनार्ड १९७९ मध्ये. त्यांच्या काळात वजन लढतीच्याच दिवशी व्हायचं. जेवढं काट्यावर, जवळपास तेवढंच रिंगमध्ये. १९८० च्या दशकात वजन आदल्या दिवशी घ्यायची पद्धत रुळली. हेतू चांगला होता, सुकलेल्या माणसाला पाणी प्यायला वेळ मिळावा. पण हुशार लोकांनी त्याचा अर्थ असा लावला की आता आणखी सुकता येईल. २००० साली आर्तुरो गॅटी १४१ पौंडांच्या करारावर वजन देऊन आला आणि दुसऱ्या रात्री टीव्हीवाल्यांच्या काट्यावर १६० भरला. साडेआठ किलो एका दिवसात! समोरच्या जोई गमाशला दुसऱ्या राउंडात असा आडवा केला की त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. शेठची कटती मला तेव्हा आठवली होती.

तुमच्या बाजूने एक गोष्ट मात्र बोलतो. मेवेदर या फुगणाऱ्यांतला नाही. मुळात लहान चणीचा माणूस. २००७ मध्ये ऑस्कर दे ला होयाशी १५४ च्या गटात लढला तेव्हा काट्यावर १५० च भरला होता. त्याला १९४६ मध्ये सकाळी वजन द्यायला लावलं असतं तरी फरक पडला नसता. हे मामांना ऐकवा.

पण मामांकडेही एक हुकूम आहे, राउंडांचा. १६ सप्टेंबर १९८१, लास व्हेगास, लिओनार्ड विरुद्ध थॉमस हर्न्स. हर्न्स सहा फूट एक इंच, वेल्टरवेटमध्ये म्हणजे ताडाचं झाड. तेरा राउंडांनंतरही तिन्ही पंचांच्या कागदावर तोच पुढे होता. चौदाव्यात लिओनार्डने त्याला दोरांवर रेटून इतकं धुतलं की रेफरीने लढत थांबवली. त्या काळी विजेतेपदाची लढत पंधरा राउंडांची असे. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९८२ मध्ये, रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या राउंडात पडलेला कोरियाचा किम ड्युक कू काही दिवसांनी वारला आणि संघटनांनी एकेक करून लढती बारा राउंडांवर आणल्या. योग्यच केलं. पण विचार करा, लिओनार्ड-हर्न्सची लढत बाराची असती तर हर्न्स जिंकला असता आणि मामांनी आज हर्न्सचा फोटो जपला असता. माणसं तीच, रात्र तीच, नुसते तीन राउंड, म्हणजे नऊ मिनिटं कमी. आपण मात्र १९८१ चा माणूस आणि २०१५ चा माणूस समोरासमोर उभे करतो आणि किती राउंडांची ते ठरवतच नाही.

आपल्याकडच्या जत्रेतल्या कुस्त्या आठवा. तिथे काटा नसतोच. पोरं मैदानात फिरवतात, जाणते लोक खांदा, मान, मांडी बघतात आणि हाताला हात लावून जोड ठरते. नारळाच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या इनामापर्यंत जोड डोळ्यांनी लागते. ती डोळ्यांची जोड चुकते कधी कधी, पण कागदावरच्या १४७ पेक्षा कमीच चुकते असं माझं मत आहे. माझे काही जुने मित्र यावर भांडतील.

तर डोळ्यांनी जोड लावतो. बारा राउंड, आदल्या दिवशी वजन : मेवेदर गुणांवर, थोडक्यात. लिओनार्डचे हात त्याच्याइतकेच चपळ, पण मेवेदरने पहिल्या चार राउंडांत समोरच्याचं गणित पाठ केलं की उरलेल्या आठांत त्याला पकडणं अवघड. पंधरा राउंड, त्याच दिवशी वजन : लिओनार्ड. तेराव्या-चौदाव्यात जो दात खाऊन उठतो तो तिथे जिंकतो, आणि मेवेदरवर ती वेळ कधी आलीच नाही.

आता आजोबा. लिओनार्डच्या सगळ्या कारकिर्दीत ४० लढती, मेवेदरच्या ५०. रॉबिन्सनच्या पहिल्या ४० लढती अडीच वर्षांच्या आत संपल्या, आणि सगळ्या त्याने जिंकल्या. एकेचाळिसाव्यात, फेब्रुवारी १९४३ ला डेट्रॉइटमध्ये, जेक लामोटाने हरवलं. लामोटा त्याच्यापेक्षा १६ पौंडांनी जड होता. एकवीस दिवसांनी रॉबिन्सनने त्याच लामोटाला त्याच शहरात हरवलं, आणि मधल्या दिवसांत आणखी एक लढत उरकून घेतली! गंमत अशी की त्याच्या वेल्टरवेटच्या दिवसांचं चित्रीकरण फारच थोडं आहे. आपण जे बघून तोंडात बोट घालतो तो बहुतेक तिशीतला, मिडलवेटला गेलेला रॉबिन्सन. पंधरा असोत की बारा, मी आजोबांच्या बाजूने.

एकच ठिकाण सोडून. जून १९५२ मध्ये न्यूयॉर्कला तो जोई मॅक्सिमशी, आणखी वरच्या गटात लढला. गुणांवर पुढे होता, पण उकाडा असा की दहाव्या राउंडनंतर रेफरीच कोसळला, दुसरा आणावा लागला, आणि तेराव्यानंतर रॉबिन्सनही स्टुलावरून उठू शकला नाही. पारा होता चाळीसच्या आसपास. आमच्याकडे तेवढ्यात लोक लग्नाच्या वरातीत नाचतात. तेव्हा लढत भुसावळला मे महिन्यात ठेवणार असाल तर मला पुन्हा विचार करावा लागेल.


प्रश्न : मेरी कोम सहा वेळा जगज्जेती. निखत झरीन दोन वेळा. पण दोघी ऐन भरात असताना समोरासमोर आल्या असत्या तर? माझी मैत्रीण म्हणते निखत.
– एक विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : ताई, या दोघी समोरासमोर आल्या होत्या, २८ डिसेंबर २०१९ ला दिल्लीत, ५१ किलोच्या निवड चाचणीत. मेरीने ९-१ ने जिंकली. मैत्रीण म्हणेल, तेव्हा निखत तेवीस वर्षांची होती, अजून पिकायची होती. खरं आहे. अडीच वर्षांत तिने इस्तंबूलला ५२ किलोत सुवर्ण घेतलं, आणि २०२३ ला दिल्लीत ५० किलोत दुसरं. पण त्या चाचणीत मेरी पस्तिशी ओलांडलेली, मुलांची आई होती आणि स्वतःच्या गटात नव्हतीच. ते कुणी बोलत नाही.

मेरीची जागतिक सुवर्णं ४५, ४६ आणि ४८ किलोतली आहेत. उंची पाच फूट दोन इंच. ऑलिंपिकमध्ये बायकांचं बॉक्सिंग पहिल्यांदा आलं ते २०१२ ला लंडनला, आणि तिथे सगळ्यात हलका गट ५१ चा. म्हणजे तिला वजन उतरवायचं नव्हतं, चढवायचं होतं. सगळे बॉक्सर भाकरी मोजून खातात, ही बाई खाऊन खाऊन काट्यावर उभी राहत होती, आणि तशी लढून कांस्य घेऊन आली.

म्हणून माझं उत्तर गटावर आहे. ४८ किलोत २०१० ची मेरी. ती आत शिरते कधी आणि मारून बाहेर येते कधी हे पंचालाही दिसायचं नाही. ५२ किलोत २०२२ ची निखत. लांबून सरळ ठोसा, आणि मेरीला तेवढं अंतर चार किलो चढवून रोज कापावं लागलं असतं. ५० किलोचं मला विचारू नका, तिथे मी तिकीट काढून नुसता बघत बसेन.


प्रश्न : मी मोबाइलवर एआयला विचारलं, अली की रॉकी मार्सियानो? त्याने ठामपणे अली सांगितलं, कारणंही दिली. आता हा विषय मिटला ना?
– एक वाचक, नंदुरबार

उत्तर : दादा, हा विषय एका यंत्राने १९७० मध्येच मिटवला होता, आणि तेव्हा उत्तर मार्सियानो आलं होतं.

मायामीच्या एका रेडिओ निर्मात्याने जुन्या-नव्या विजेत्यांची माहिती संगणकात घालून काल्पनिक लढती ऐकवायला सुरुवात केली. त्यात अली जिम जेफ्रीज या जुन्या काळच्या विजेत्याकडून हरला म्हणून अलीने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. तडजोड झाली आणि १९६९ मध्ये अली आणि मार्सियानो खरोखर रिंगमध्ये उतरले, कॅमेऱ्यासमोर. अली सत्तावीस वर्षांचा, सैन्यात जायला नकार दिल्याने विजेतेपद काढून घेतलेला. मार्सियानो पंचेचाळीस वर्षांचा, पोट उतरवून आणि टकलावर विग चढवून. दोघांनी एकेक मिनिटाचे सत्तरेक राउंड खोटे-खोटे लढून दिले, शेवटही निरनिराळे चित्रित केले. कोणता दाखवायचा ते संगणक ठरवणार. जानेवारी १९७० मध्ये लोकांनी थिएटरात पाहिलं, तेराव्या राउंडात अली आडवा. युरोपात अली जिंकलेला शेवट दाखवला म्हणतात. मार्सियानोने काहीच पाहिलं नाही, आदल्या ऑगस्टमध्येच विमान अपघातात गेला, सेहेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी.

यंत्राला दोष नाही. हेवीवेट हा गटच असा की वर छप्पर नाही. मार्सियानो ४९ पैकी ४९ जिंकला, पण वजन जेमतेम ८४-८५ किलो. आज तो हेवीवेटमध्ये धरलाच गेला नसता, त्याखालच्या गटातला, क्रूझरवेट ठरला असता. डिसेंबर २०२४ मध्ये टायसन फ्युरी २८१ पौंड भरला, जवळपास १२७ किलो. आणि तरीही त्याला २२६ पौंडांच्या उसिकने हरवलं. म्हणून मी छोट्याला मोडीत काढत नाही. पण अलीचं पायकाम आणि मार्सियानोचे आखूड हात बघता मी अलीलाच मत देतो, गुणांवर. तुमच्या मोबाइलशी माझं जमलं, एवढंच.


प्रश्न : मुलगा चौदा वर्षांचा, वजन पन्नास. शिकवणारे म्हणतात अठ्ठेचाळीसला आणा, पदक नक्की. काय करू?
– एक आई, चोपडा

उत्तर : ताई, आणू नका. पोरगा वाढतोय. दुपारी वरण-बट्टी मागितली तर वाढा, तूप हात आखडून घालू नका, आणि पन्नासला जे मिळेल ते मिळू द्या. शिकवणाऱ्यांना वाईट वाटलं तर माझं नाव सांगा. आणि एखादी बाटली पाण्याची रोज सोबत द्या, स्पर्धेच्या दिवशी दोन.