पशुवैद्यकांचे प्रश्न : मात्रा, टेप आणि कॅल्शियमची बाटली

या वेळची चारही पत्रे नाशिक जिल्ह्यातली आहेत. उत्तरे नोंदणीकृत पशुवैद्यकांसाठी आहेत. पशुपालकांनी ती वाचून स्वतः सुई हाती घेऊ नये.

प्रश्न : जनावरांच्या ताप-वेदनेवरचे केटोप्रोफेन गिधाडांना वाचवण्यासाठी बंद झाले, तेव्हापासून त्याच कामाचे मेलॉक्सिकॅम वापरतो, पण पशुपालक म्हणतात, ‘डॉक्टर, हे इंजेक्शन लागू पडत नाही.’ बंदीमागचा पुरावा खरंच एवढा पक्का आहे का? आणि पर्याय काय?
— पशुवैद्यक, त्र्यंबकेश्वर तालुका

उत्तर : पुरावा पक्का आहे. सुरुवात याच गटातल्या डायक्लोफेनॅकपासून झाली. ते दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, तर त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर चढतो. हा संबंध २००४ साली सिद्ध झाला आणि २००६ मध्ये आपल्याकडे डायक्लोफेनॅकच्या पशुवापरावर बंदी आली. शंभरात एकापेक्षाही कमी मढ्यांत औषध असले, तरी गिधाडांची संख्या कोसळायला तेवढे पुरते, असे तेव्हाच्या गणितातून दिसले होते. असिक्लोफेनॅक या दुसऱ्या वेदनाशामकाचे तर गाईच्या शरीरातच डायक्लोफेनॅक होते. म्हणजे लेबल बदलले, विष तेच राहिले. असिक्लोफेनॅक आणि केटोप्रोफेन २०२३ मध्ये बंद झाले, त्यानंतर निमेसुलाइडही. तुमच्याच तालुक्यात अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे आहेत आणि हरसूलजवळ खोरीपाड्याला गिधाडांसाठी मेलेली जनावरे ठेवली जातात. तिथे जाणाऱ्या जनावराला शेवटच्या आठवड्यात कोणते इंजेक्शन दिले होते, हे विचारायलाच हवे.

आता ‘लागू पडत नाही’ या तक्रारीकडे येऊ. आमच्या मते बहुतेक वेळा चूक औषधाची नसते, मिलिलिटरची असते. गाईतल्या बहुतांश अभ्यासांत मेलॉक्सिकॅमची मात्रा किलोमागे ०.५ मिलिग्रॅम आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे ४३० किलोच्या गाईला २१५ मिलिग्रॅम, अर्थात ४३ मिली लागते. प्रत्यक्षात १५ मिली देऊन आपण गोठ्याबाहेर पडतो. ते झाले ७५ मिलिग्रॅम, जेमतेम एक तृतीयांश. मग ताप उतरत नाही आणि दोष औषधाच्या माथी बसतो. मिलीमागे २० मिलिग्रॅमची बाटली मिळाली तर हेच काम पावणेअकरा मिलीत होते, त्यामुळे मोठ्या जनावरासाठी बॅगेत तीच ठेवा. पूर्ण मात्रेचा परिणाम गाईत दिवसभर टिकतो. संध्याकाळी पुन्हा टोचायची गरज नाही.

दुसरा सुरक्षित पर्याय टोल्फेनॅमिक अ‍ॅसिडचा आहे : किलोमागे २ मिलिग्रॅम, गरज पडल्यास ४८ तासांनी पुन्हा एकदा, किंवा ४ मिलिग्रॅम एकदाच. मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिकपैकी एकच द्या, एकत्र नको. आणि जनावर सुकलेले असेल तर आधी सलाइन. कोरड्या मूत्रपिंडावर यातले कुठलेच औषध बरे नाही. युरोपात मेलॉक्सिकॅमनंतर ५ दिवस दूध बाजूला ठेवतात. आपल्या बाटलीवर जो कालावधी छापला आहे तो डेअरीला दूध घालणाऱ्याला स्पष्ट सांगा.

वजन मात्र नजरेने ठरवू नका. शिंप्याकडची टेप पुरते. कोपरामागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, दोन्ही इंचांत मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, की किलो मिळतात. घेर ७० आणि लांबी ५८ असेल तर सुमारे ४३० किलो. शेवटच्या महिन्यातल्या गाभण गाईत हा आकडा फसवू शकतो, एवढे लक्षात ठेवा.

प्रश्न : थायलेरियात (गोचिडांतून पसरणारा रक्तातल्या परजीवीचा आजार) बुपारव्हाक्वोन हे औषध देऊनही काही संकरित गाई दगावतात. औषधाला प्रतिकार आला आहे का?
— पशुवैद्यक, निफाड

उत्तर : प्रतिकार आहे. परजीवीच्या सायटोक्रोम-बी जनुकातले बदल ट्युनिशिया आणि इराणमध्ये नोंदले गेले आहेत. पण तो निष्कर्ष काढण्याआधी वरचीच टेप काढा. किलोमागे अडीच मिलिग्रॅम म्हणजे दर २० किलोला १ मिली. ४३० किलोच्या गाईला साडेएकवीस मिली. २० मिलीची बाटली फोडली, संपली, झाले, असे चालत नाही. एका जागी १० मिलीपेक्षा जास्त नको. मानेच्या स्नायूत तीन ठिकाणी वाटून द्या. गरज असल्यास ४८ ते ७२ तासांनी पुन्हा. खांद्यापुढची गाठ सुजली की त्याच दिवशी सुईने द्रव घेऊन काचपट्टीवर पसरा, रंगवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी शोधा. डोळ्याची आतली बाजू कागदासारखी पांढरी होईपर्यंत थांबलात, तर परजीवी मरतो पण गाय रक्ताअभावी जाते. अशा वेळी औषधाची दुसरी बाटली कामाची नसते, निरोगी गाईचे रक्त कामाचे असते.

प्रश्न : दुसऱ्या-तिसऱ्या वेताच्या एचएफ (होल्स्टीन-फ्रिजियन) गाईला, ती कॅल्शियम घसरून बसू नये म्हणून, व्यायल्याबरोबर शिरेतून कॅल्शियम द्या, असा पशुपालकांचा आग्रह असतो. गाय उभी असते, खात असते. द्यावे का?
— पशुवैद्यक, सिन्नर

उत्तर : नको. गेल्या दहा-बारा वर्षांत या विषयावर बरेच काम झाले आहे. शिरेतून कॅल्शियम गेले की रक्तातली पातळी झपाट्याने वर चढते. मग हाडातून कॅल्शियम काढणारी शरीराची स्वतःची यंत्रणा थांबते आणि साधारण दिवसभराने पातळी, काहीच न दिलेल्या गाईपेक्षाही खाली येते. बाटलीने उभी राहिलेली गाय दुसऱ्या दिवशी पुन्हा बसते, ती अनेकदा यामुळेच.

दुसरा निष्कर्ष आणखी विचार करायला लावणारा आहे. पहिल्या दिवशी पातळी घसरून चौथ्या दिवसापर्यंत सावरलेल्या गाई भरपूर दूध देतात. ती घसरण म्हणजे दुधाच्या ओढीची खूण. खरी अडचण येते ती चौथ्या दिवशीही पातळी कमी असलेल्या गाईंत. त्या कमी खातात आणि पुढे आजारी पडतात. म्हणून पहिल्या दिवशीचा रक्ताचा एकच अहवाल पाहून सगळ्या गोठ्यावर उपचार करू नका.

उभ्या गाईला तोंडावाटे कॅल्शियम द्या : कॅल्शियम क्लोराइडचा बोलस (मोठी गोळी) किंवा जेल, व्यायल्यावर एकदा आणि १२ तासांनी दुसऱ्यांदा. खडूच्या भुकटीसारखे कार्बोनेट असलेली पातळ टॉनिके इतक्या लवकर शोषली जात नाहीत. लेबल वाचून घ्या.

बसलेल्या गाईला मात्र शिरेतूनच. २५ टक्के बोरोग्लुकोनेटच्या ४५० मिलीत जेमतेम ९ ग्रॅम कॅल्शियम असते. बाटली कोमट करा आणि किमान १०-१५ मिनिटे घ्या. एक हात किंवा स्टेथोस्कोप हृदयावर हवाच. ठोका अडखळला की ताबडतोब थांबा. कासदाहाने विषबाधा झालेल्या गाईत हा धोका दुप्पट मानून चाला. ढेकर, शेण आणि नाकाडावर ओल आली म्हणजे काम होते आहे. गाय उठून नीट गिळू लागली, की तोंडावाटे बोलस द्या, १२ तासांनी दुसरा. आडव्या गाईच्या घशात काही ओतू नका, ते फुप्फुसात जाते.

पाच-सहा तासांत उठली नाही तर दुसरी बाटली लावण्याआधी विचार करा : फॉस्फरस कमी आहे का, मांडीचे स्नायू किंवा नस दुखावली आहे का? कॅल्शियमसोबत फॉस्फरस असलेल्या मिश्र बाटलीतल्या हायपोफॉस्फाइटने रक्तातला फॉस्फेट वाढत नाही. गिळणे पूर्ववत झाल्यावर सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट २०० ग्रॅम पाण्यातून द्या, आणि तोवर दर दोन-तीन तासांनी कूस बदला. खाली फरशी असेल तर जाड गवत किंवा माती टाका.

प्रश्न : ऑनलाइन व्याख्याने ढिगाने असतात. कशावर वेळ घालवावा?
— पशुवैद्यक, मालेगाव

उत्तर : औषध कंपनीच्या मोफत जेवणाच्या व्याख्यानाला जायला हरकत नाही, पण येताना तुलना कशाशी केली होती ते विचारून या. काहीच न देण्याशी, की जुन्या चांगल्या औषधाच्या पूर्ण मात्रेशी? ‘जर्नल ऑफ डेअरी सायन्स’ २०२२ पासून सर्वांना मोफत वाचता येते. त्यातला एखादा शोधनिबंध घेऊन आधी सारांश नव्हे, पद्धतीचा भाग वाचा : गाई किती, वेत कितवे, चारा कोणता. यंत्रात मिसळलेला आहार खाणाऱ्या गाईवरचा निष्कर्ष कडब्यावरच्या गाईला जसाच्या तसा लागेलच असे नाही. महिन्याला एक निबंध पुरे. आणि आपल्या वहीत प्रत्येक रुग्णासमोर वजन, मिलिलिटर आणि तिसऱ्या दिवशी काय झाले, हे तीन रकाने आखून घ्या.