गर्भाशयातील गाठींची शस्त्रक्रिया: नव्या पॉलिसीसाठी थांबावे का?

नाशिकच्या एका वाचक भगिनी (वय 43) लिहितात : "फायब्रॉइडच्या गाठींमुळे अतिरक्तस्राव होऊन हिमोग्लोबिन 8 वर आले आहे. डॉक्टरांनी गर्भाशय काढण्याचा सल्ला दिला असून खर्चाचा अंदाज 1,80,000 रुपये आहे. यजमानांच्या कंपनीचा 3 लाखांचा गट विमा आहे, पण ते चार महिन्यांनी नोकरी सोडणार आहेत. नवी पॉलिसी घेऊन दोन वर्षे थांबावे, की मुदत ठेव मोडावी?"

माझ्या मते दोन्हींची गरज नाही. आपण ऐकलेली दोन वर्षे ही पॉलिसीत नमूद केलेल्या ठरावीक आजारांसाठीची प्रतीक्षा असते, म्हणजे तेवढा काळ त्या आजारांचा खर्च विम्यातून मिळत नाही; आपल्या गाठींचे निदान आधीच झालेले असल्याने त्या पूर्वीपासूनचा आजार ठरतील आणि त्यासाठी विमा कंपनी 3 वर्षांपर्यंत थांबवू शकते. निदान लपवून अर्ज भरल्यास दावाच नाकारला जाईल. रजोनिवृत्तीनंतर गाठी बहुधा आक्रसतात हे खरे. परंतु हिमोग्लोबिन 8 असताना त्या भरवशावर किती थांबायचे, हे स्त्रीरोगतज्ज्ञांनीच ठरवावे, विम्याच्या तारखेने नव्हे.

गट विम्यात बहुतेकदा पूर्वीच्या आजारांनाही पहिल्या दिवसापासून संरक्षण असते. तसे कंपनीकडून लेखी घ्यावे आणि राजीनाम्यापूर्वी, डॉक्टरांच्या संमतीने, शस्त्रक्रिया उरकावी. त्याआधी दुसऱ्या तज्ज्ञांचे मत जरूर घ्यावे : केवळ गाठी काढणे किंवा एम्बोलायझेशनने त्यांचा रक्तपुरवठा बंद करणे आपल्या बाबतीत शक्य आहे का, हे विचारावे. गाठी काढल्यावर त्या पुन्हा होऊ शकतात, म्हणजे खर्चही पुन्हा. एम्बोलायझेशनला अनेक पॉलिसींत वेगळी मर्यादा असते.

खोलीभाड्याची अट मात्र बारकाईने वाचा, कारण बहुतेक कुटुंबे इथेच फसतात. मर्यादा रोज 5,000 रुपये असताना 8,000 ची खोली घेतली, तर केवळ वरचे 3,000 खिशातून जात नाहीत, तर शल्यविशारदाचे मानधन व शस्त्रक्रियागृहाचे शुल्कही पाच-अष्टमांश प्रमाणातच मंजूर होऊ शकते. (औषधे आणि तपासण्यांना ही कात्री सहसा लागत नाही.)

विम्याबाहेर काही रक्कम उरली, तर ठेव मोडून व्याज गमावण्यापेक्षा तिच्यावर तारण कर्ज घ्यावे. त्याचा दर साधारणतः ठेवीच्या दरापेक्षा 1 ते 2 टक्केच अधिक असतो. आणि यजमानांनी नोकरी सोडण्यापूर्वीच, त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतरासाठी अर्ज करावा. त्यामुळे आजवर पूर्ण झालेल्या प्रतीक्षा कालावधीचे श्रेय मिळू शकते.