वाचकांचे प्रश्न : मुलीचं नाव माग्दालेना ठेवलं, चुकलं का?

प्रश्न : बाई, माझ्या मुलीचा जन्म २२ जुलैचा. त्या दिवशी संत मारिया माग्दालेनाचा सण, म्हणून स्नानसंस्काराच्या वेळी सासूबाईंनी तेच नाव सुचवलं. आता ती आठवीत आहे. यंदा ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात आमच्या गावात येशूच्या दुःखसहनाचं नाटक झालं. त्यात केस मोकळे सोडलेली, भडक साडीतली एक बाई येशूच्या पायाशी रडते आणि निवेदक तिला 'वेश्या माग्दालेना' म्हणतो. तेव्हापासून वर्गातली मुलं माझ्या लेकीला चिडवतात. ती म्हणते, माझं नाव बदला. त्यात मोठा मुलगा म्हणतो, ती येशूची बायको होती असंही लोक सांगतात. आमचं चुकलं का?
– एक आई, वसई

उत्तर : अजिबात चुकलं नाही. सासूबाईंनी नातीला फार मोठ्या बाईचं नाव दिलंय, हे त्यांना माझ्यातर्फे जरूर सांगा.

लेकीला घरातलं बायबल काढायला लावा आणि लूकच्या शुभवर्तमानाचा (येशूचं जीवन सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एकाचा) सातवा अध्याय ३६व्या वचनापासून वाचायला सांगा. शिमोन नावाच्या परूश्याकडे, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुद्याकडे, येशू जेवायला गेलाय. गावातली एक पापी स्त्री सुगंधी तेलाची कुपी घेऊन आत येते, आसवांनी त्याचे पाय भिजवते, केसांनी पुसते, तेल लावते. ५०व्या वचनाला प्रसंग संपतो, पण तिचं नाव कुठेच येत नाही. ती वेश्या होती असंही लूक लिहीत नाही. 'पापी' एवढंच म्हणतो. लगेच आठवा अध्याय सुरू होतो आणि दुसऱ्याच वचनात आपली मारिया येते. मराठी बायबलमध्ये 'मग्दालीया मरीया' आहे ती हीच. जिच्यातून सात भुतं निघाली ती, अशी लूक तिची ओळख करून देतो. तिच्यासोबत हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना आहे, सुसान्ना आहे, आणखी पुष्कळ बायका आहेत, आणि या सगळ्या स्वतःच्या पदरचा पैसा खर्चून येशूची व शिष्यांची सेवा करताहेत. दोघी एकच असत्या तर लूकने आठ-दहा ओळींआधीच तिचं नाव सांगितलं नसतं का? रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना हा भाग ओळीवर बोट ठेवून वाचायला लावते. पापी बाईचं नाव शोधा म्हटलं की सगळी बोटं सातव्या अध्यायात अडून बसतात.

राहिली सात भुतं. शुभवर्तमानात भूत लागणं म्हणजे छळ, आजार, माणूस स्वतःच्या ताब्यात नसणं. गरसेकरांच्या प्रदेशातल्या कबरींमध्ये राहणाऱ्या त्या माणसाला तर भुतांचं सैन्यच लागलं होतं, पण त्याच्या चारित्र्यावर आजवर कुणी बोट ठेवलेलं मी ऐकलं नाही. तिच्याच बाबतीत ते का व्हावं?

झालं ते असं. इ.स. ५९१ मध्ये रोममध्ये पोप ग्रेगरी पहिले यांनी प्रवचनात तीन बायका एक केल्या : लूकची निनावी पापी स्त्री, मार्था आणि लाझरसची बहीण असलेली बेथानीची मरिया आणि माग्दालेना. बेथानीच्या मरियेनेही येशूच्या पायांना सुगंधी तेल लावून ते केसांनी पुसले होते (ते तेल जटामांसीचं, म्हणजे आपल्या हिमालयातल्या वनस्पतीचं, आणि किंमत तीनशे दिनार), त्यामुळे सरमिसळ व्हायला वाव होता. पण बेथानी यरुशलेमला लागून आणि जिच्यावरून माग्दालेना हे नाव पडलं ती मग्दाला गालील सरोवराच्या काठी, शंभराहून जास्त किलोमीटर उत्तरेला. ग्रेगरींनी सात भुतं म्हणजे सगळे दुर्गुण असा अर्थ लावला, आणि हेच तेल ती आधी पापकर्मासाठी अंगाला लावत असे, असंही सांगितलं. त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. आदल्याच वर्षी रोममध्ये प्लेगची साथ येऊन गेली होती, त्यांच्या आधीचे पोप त्यातच गेले होते. घाबरलेल्या लोकांना त्यांना सांगायचं होतं की कितीही पाप केलं असलं तरी परतीची वाट आहे. पण दिलासा देताना एका बाईच्या नावाला डाग लागला, आणि पश्चिमेकडच्या ख्रिस्तसभेत (चर्चमध्ये) तो चौदाशे वर्षं राहिला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेने या बायका कधी एक मानल्याच नाहीत.

त्या डागाची किंमत दुसऱ्याच बायकांनी मोजली. आयर्लंडमध्ये 'माग्दालेन' नावाची धुलाईघरं होती, बहुतेक धर्मभगिनींच्या संस्थांनी चालवलेली. लग्नाआधी आई झालेल्या मुली, अत्याचार झालेल्या, अनाथ, कुणाला नकोशा झालेल्या, सगळ्यांना 'वाया गेलेल्या' ठरवून आत टाकायचे आणि बिनपगारी कपडे धुऊन घ्यायचे. १९२२ ते १९९६ या काळात सुमारे दहा हजार बायका-मुली तिथे गेल्या. शेवटी २०१३ मध्ये तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. मी स्वतः श्रद्धावान कॅथलिक आहे आणि हे लिहिताना मला त्रास होतो. पण तुमच्या लेकीला शाळेत जे सोसावं लागतंय ते याच झाडाचं फळ आहे, म्हणून लिहायलाच हवं.

आता तिने खरं काय केलं ते बघा. चारही शुभवर्तमानांत ती रिकाम्या कबरीपाशी आहे, आणि लूक सोडून बाकी तिघांनी क्रूसापाशीही तिचं नाव घेतलंय. योहानचा विसावा अध्याय तर घरात सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचावा असा आहे. अंधार असतानाच ती कबरीकडे जाते, धोंड बाजूला झालेली बघून धावत पेत्राला आणि दुसऱ्या शिष्याला सांगते. ते दोघे येतात, आत शिरून तागाची वस्त्रं बघतात आणि घरी परत जातात. ती जात नाही. बाहेर रडत उभी राहते. येशू समोर येतो तेव्हा तिला वाटतं हा माळी असेल, आणि ती त्याला म्हणते, तुम्ही त्याला नेलं असेल तर कुठे ठेवलंय सांगा, मी त्याला घेऊन जाईन. एकटी बाई. एका तरण्या पुरुषाचं प्रेत ती कशी उचलणार होती, कुठे नेणार होती? हा हिशोब तिने केलेलाच नाही. या एका वाक्यासाठी मला ती सगळ्या संतांमध्ये जवळची वाटते. मग तो 'मरीये' अशी हाक मारतो आणि ती त्याला ओळखते. जा, माझ्या भावांना सांग, हे काम येशूने तिच्यावर सोपवलं. पुनरुत्थानाची बातमी जगात पहिल्यांदा तिच्या तोंडून गेली. लूक तर लिहितो की बायकांचं बोलणं प्रेषितांना, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांना, बडबड वाटली.

ख्रिस्तसभेनेही उशिरा का होईना, दुरुस्ती केली. १९६९च्या नव्या उपासना दिनदर्शिकेत २२ जुलैच्या सणाच्या नावातून 'पश्चात्तापी' हा शब्द वगळला गेला. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनुसार तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा मिळाला. त्या दिवसाच्या मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) तिला 'प्रेषितांची प्रेषित' म्हणतात. मधल्या काळात थॉमस अक्वायनससारख्या धर्मपंडितांनीही तिला तसंच म्हटलं होतं.

मुलाच्या शंकेचं उत्तर लहान आहे. ती येशूची बायको होती असं चारपैकी एकाही शुभवर्तमानात नाही. १९४५ मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीला सापडलेल्या जुन्या ग्रंथांत फिलिपच्या नावाचा एक ग्रंथ आहे, त्यात तिला येशूची सोबतीण म्हटलंय. ते लिखाण येशूच्या काळानंतर फार उशिराचं आहे आणि त्या दोघांच्या लग्नाचं त्यातही काही नाही. बाई मोठी दिसली की तिला कुणाची तरी बायको ठरवायची, हेही मला तितकंच खटकतं.

एक विनंती मात्र आहे. 'आमची माग्दालेना तसली नव्हती' असं सांगताना त्या निनावी बाईला तुच्छ लेखू नका. येशूने तिला शिमोनापेक्षा वर बसवलं, आणि यजमानाने पाय धुवायला पाणीही दिलं नाही हे भर पंगतीत सुनावलं.

नाटकाबद्दल तुमच्या फादरांशी आणि संहिता लिहिणाऱ्यांशी आताच बोला, पुढच्या वर्षी तालमी सुरू झाल्यावर कुणी ऐकत नाही. निवेदनातून ते नाव काढून टाकायचं, 'एक स्त्री' एवढंच ठेवायचं, आणि शेवटी योहानमधला बागेतला प्रवेश घालायचा. तो नाटकात नसेल तर लिहून द्यायला मी तयार आहे, मासिकाच्या पत्त्यावर कळवा. आणि तुमच्या लेकीची इच्छा असेल तर त्या प्रवेशात माग्दालेनाचं काम तिलाच द्यायला सांगा.